तोंडातल्या बुरशीवर वनस्पती-तेलांची चाचणी: प्रयोगशाळेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

लवंगेच्या तेलात भिजवलेली कागदी चकती कॅन्डिडा (तोंडात संसर्ग करणारी यीस्ट प्रकारची बुरशी) वाढवलेल्या प्लेटवर ठेवली, की दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ दिसतं. फोटो छान येतो, आणि बरेच प्रकल्प तिथेच संपतात. पण तोंडातल्या बुरशीसाठी ते वर्तुळ फारसं काही सांगत नाही. तेल किती कमी प्रमाणात पुरतं, किती वेळात काम करतं आणि तेवढ्या प्रमाणात तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेला सोसतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं एकत्र मिळाली तरच तेल उपचाराच्या दिशेने एक पाऊल पुढे गेलं असं म्हणता येतं. या कामातून गेल्यावर मला वाटतं की पहिल्या दिवसापासून हे तीन प्रश्न डोळ्यांसमोर ठेवले, तर महिन्यांची मेहनत वाचते.

हा लेख सूक्ष्मजीवशास्त्र, दंतवैद्यक, औषधनिर्माणशास्त्र किंवा आयुर्वेद शिकणाऱ्या आणि हा प्रयोग पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी आहे. घरी करायच्या उपायांसाठी तो नाही. निव्वळ लवंगेचं तेल तोंडात लावलं तर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. टी ट्री तेल गिळलं तर विषबाधा होते. बाळाच्या जिभेवर पांढरा थर दिसला तर कुठलंही सुगंधी तेल लावायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. मोठ्यांमध्येही पुसून न जाणारा पांढरा डाग, गिळताना दुखणं किंवा पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग यामागे दुसरं कारण असू शकतं. मधुमेह, दम्याचा स्टेरॉइड इनहेलर, कोरडं तोंड, रात्रभर न काढलेली कवळी, नुकताच झालेला प्रतिजैविकांचा कोर्स, कमी झालेली प्रतिकारशक्ती, यांपैकी काही असेल तर ते शोधावं लागतं.

सुरू करण्याआधी हाताशी हवं

कागदपत्रं:
- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी. कॅन्डिडा अल्बिकन्ससाठी सहसा दुसऱ्या पातळीची प्रयोगशाळा लागते.
- रुग्णांच्या तोंडातून नमुने घेणार असाल, तर नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी आणि रुग्णाच्या भाषेतलं संमतिपत्र. नमुने घेऊन झाल्यावर मिळालेली परवानगी चालत नाही.
- तेलाचं विश्लेषण प्रमाणपत्र, बॅच नंबर आणि सुरक्षा माहितीपत्रक.
- बुरशीचा स्ट्रेन कुठल्या संग्रहातून आला, त्याचा कागद.
- बुरशीविरोधी औषधांच्या चाचणीची प्रमाणित पद्धत. यीस्टसाठी सीएलएसआय या अमेरिकी संस्थेचा एम२७ किंवा युकास्ट या युरोपीय समितीची पद्धत, दोन्हींपैकी एक.

साहित्य: सॅबोरॉड डेक्स्ट्रोज अगर, मॉप्स बफर घातलेलं आरपीएमआय १६४० माध्यम (पीएच ७.०), तेल पाण्यात मिसळायला ट्वीन ८० किंवा डीएमएसओ, निर्जंतुक सलाईन, गढूळपणा जुळवायला मॅकफार्लंड ०.५ प्रमाण, ९६ खड्ड्यांच्या प्लेट, प्लेट सील करायची फिल्म, फ्लुकोनॅझोल किंवा निस्टॅटिनची शुद्ध पावडर, गडद काचेच्या छोट्या बाटल्या. गोळी कुटून केलेलं द्रावण वापरू नका. तिच्यात औषधाखेरीज बरंच काही असतं आणि प्रमाण पक्कं कळत नाही.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

'वनस्पती-तेलांचा बुरशीवर परिणाम' हा विषय झाला. प्रश्न असा हवा: 'कवळीवर वाढलेल्या कॅन्डिडा अल्बिकन्सवर लवंगेचं तेल एका मिनिटाच्या संपर्कात काम करतं का?' असा प्रश्न लिहिला, की पुढच्या कुठल्या पायऱ्या करायच्या आणि कुठल्या सोडायच्या ते आपोआप ठरतं. चूळ भरायचं द्रावण तोंडात अर्धा-एक मिनिट राहतं. कवळी भिजवायचं द्रावण रात्रभर राहू शकतं. जेल हिरडीवर काही काळ टिकतं. तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा असतो.

एका वेळी दहा-बारा तेलं घ्यायचा मोह होतो. तीन घ्या आणि ती नीट करा.

२. तेल खरंच काय आहे ते तपासा

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्या. लवंग, दालचिनी, ओवा, गवती चहा, टी ट्री, पुदिना यांची तेलं ऊर्ध्वपातनाने काढलेली, उडून जाणारी असतात. खोबरेल, तिळाचं, कडुनिंबाच्या बियांचं तेल ही पिळून काढलेली स्थिर तेलं. स्थिर तेलं मुख्यतः मेदाम्लांची बनलेली असतात (खोबरेलात लॉरिक आम्ल सगळ्यात जास्त, साधारण निम्म्याच्या आसपास). ती उडत नाहीत आणि त्यांचे बुरशीविरोधी आकडे सहसा बरेच जास्त येतात. दोन्ही प्रकार एकाच तक्त्यात मांडून 'अमुक तेल अमुकपेक्षा सरस' असं लिहिणं योग्य नाही.

उडणाऱ्या तेलात एकच वनस्पती असली तरी रसायन बदलतं. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य असतं, तर पानांच्या तेलात युजेनॉल. बाटलीवर नुसतं 'दालचिनी तेल' लिहिलं असेल तर तुम्ही नक्की काय तपासताय हेच कळत नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल, गवती चहात सिट्रल, ओव्यात थायमॉल, टी ट्रीमध्ये टर्पिनेन-४-ऑल. टी ट्री तेलासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४७३०. त्याच्या २०१७च्या आवृत्तीत टर्पिनेन-४-ऑलचं प्रमाण ३५ ते ४८ टक्के सांगितलं आहे.

म्हणून जीसी-एमएस तपासणी (तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी) करून घ्या. विक्रेत्याचं प्रमाणपत्र असलं तरी हातातल्या बॅचची स्वतंत्र तपासणी केलेली बरी, कारण भेसळ होते, तेल जुनं झालेलं असतं आणि नंतर परीक्षकही हेच विचारतात. तेल स्वतः काढणार असाल तर वनस्पतीचा वाळवलेला नमुना वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळखून घ्या आणि त्याचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

तेल आलं की लगेच एक-एक मिलिलिटरच्या गडद काचेच्या बाटल्यांत भरा, वरपर्यंत भरा आणि ४ अंशांवर ठेवा. अर्ध्या रिकाम्या बाटलीतल्या हवेने टर्पिन ऑक्सिडाइज होतात. एकच मोठी बाटली रोज उघडली तर पहिल्या आणि शेवटच्या प्रयोगातलं तेल सारखं राहत नाही.

३. बुरशी खरंच कोणती आहे ते तपासा

संदर्भासाठी एटीसीसी (सूक्ष्मजीवांचा अमेरिकी संग्रह) १०२३१, एटीसीसी ९००२८ किंवा एससी५३१४ यांपैकी एखादा अल्बिकन्स स्ट्रेन घ्या. चाचणी बरोबर चालली आहे ना, हे तपासायला सीएलएसआयने कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ आणि कॅन्डिडा क्रुसेई एटीसीसी ६२५८ हे दोन स्ट्रेन नेमून दिले आहेत. यांवर फ्लुकोनॅझोलचा आकडा ठरलेल्या मर्यादेत आला नाही, तर त्या दिवशीचे तेलाचे आकडेही बाजूला ठेवायचे. कितीही जिवावर आलं तरी.

रुग्णांचे स्ट्रेन घेतले तर काम जास्त मोलाचं ठरतं. तोंडात अल्बिकन्सबरोबर ग्लॅब्राटा, ट्रॉपिकॅलिस, क्रुसेईही सापडतात आणि त्यांचं वागणं वेगळं असतं. क्रुसेईवर फ्लुकोनॅझोल मुळातच चालत नाही. प्राथमिक ओळखीसाठी क्रोमअगर हे वसाहतींना वेगवेगळे रंग देणारं माध्यम सोयीचं: अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळसर, क्रुसेई गुलाबी आणि खरखरीत. जर्म ट्यूब चाचणीत मानवी सीरममध्ये ३७ अंशांवर दोन-तीन तासांत अल्बिकन्सला कोंब फुटतात. पण डब्लिनिएन्सिसलाही फुटतात, आणि ती तोंडातच जास्त करून सापडते. अल्बिकन्स ४५ अंशांवर वाढते आणि डब्लिनिएन्सिस सहसा वाढत नाही, याचा उपयोग होतो. पक्कं नाव हवं असेल तर मॅल्डी-टॉफ (प्रथिनांवरून ओळख) किंवा आयटीएस सिक्वेन्सिंग (डीएनएवरून ओळख) करा.

स्ट्रेन मिळाल्याबरोबर ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठा करून ठेवा. महिनोन्महिने तिरप्या अगरवर पुन्हा पुन्हा उतरवलेला स्ट्रेन बदलू शकतो.

४. चकतीची पद्धत नुसत्या चाळणीपुरती ठेवा

करायची तर करा, पण तिच्या मर्यादा ओळखून. अगर पाण्याचा बनलेला आणि तेलाला पाणी नको, त्यामुळे तेल अगरमध्ये नीट पसरत नाही. उलट हलके घटक वाफ होऊन वरच्या झाकणाखालून सगळ्या प्लेटवर पसरतात. त्यामुळे मोठं वर्तुळ कधी वाफेमुळे आलेलं असतं, तर जड पण ताकदवान तेलाचं वर्तुळ छोटं येऊ शकतं. वर्तुळाच्या मिलिमीटरवरून तेलांची क्रमवारी लावू नका. फ्लुकोनॅझोलच्या वर्तुळाशी तर तुलना मुळीच नको, कारण चकतीवरचं प्रमाणही वेगळं आणि पसरणंही वेगळं.

५. तेल पाण्यात मिसळणं: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

ही पायरी सावकाश वाचा. तेल माध्यमात नीट मिसळलं नाही तर पुढचे सगळे आकडे निरर्थक होतात. खड्ड्याला प्रकाशासमोर तिरपं धरून पाहिलं, तर न मिसळलेलं तेल द्रवाच्या कडेला बारीक चकचकीत कड्यासारखं चढलेलं दिसतं. तेल वर आणि यीस्ट तळाशी. दोघांची गाठच पडलेली नसते, आणि आपण लिहितो 'परिणाम नाही'.

माझ्या पसंतीची रीत ट्वीन ८० ची. खड्ड्यात सर्वांत जास्त १ टक्का तेल हवं असेल, तर दुप्पट तीव्रतेचं द्रावण असं करा:

- निर्जंतुक काचेच्या नळीत १०० मायक्रोलिटर तेल आणि ५० मायक्रोलिटर ट्वीन ८० घ्या. ट्वीन मधासारखं दाट असतं, पिपेटच्या आत चिकटून राहतं. टोकाकडून कापलेली टिप वापरा, सावकाश ओढा, सावकाश सोडा. त्याहून चांगलं म्हणजे वजन करून घ्या.
- आधी हे दोनच पूर्ण एकजीव करा. माध्यम नंतर.
- मग आरपीएमआय थोडं थोडं घालत, प्रत्येक वेळी व्होर्टेक्सवर फिरवत, एकूण ५ मिलिलिटर करा. दुधट, एकसारखं द्रावण झालं पाहिजे.
- दहा मिनिटं स्थिर ठेवा. वर तेलाचा थर आला तर पुन्हा करा.

हे द्रावण २ टक्के तेल आणि १ टक्का ट्वीनचं झालं. खड्ड्यात तेवढंच यीस्टचं द्रावण पडलं, की १ टक्का तेल आणि ०.५ टक्का ट्वीन.

आता एक बारकावा. यापुढचे विरलन (निम्मं-निम्मं पातळ करणं) साध्या माध्यमात केले, तर तेलाबरोबर ट्वीनही निम्मा-निम्मा होत जातो. पहिल्या खड्ड्यात ०.५ टक्का, दहाव्यात जवळपास शून्य. मग कमी तेलाच्या खड्ड्यात तेल पुन्हा सुटं होतं आणि नियंत्रण खड्डा कुठल्या ट्वीनशी जुळवायचा तेही कळत नाही. म्हणून विरलनासाठीचं माध्यमही १ टक्का ट्वीन घातलेलंच वापरा. सगळ्या खड्ड्यांत ट्वीन सारखा राहतो आणि बदलतं फक्त तेल.

डीएमएसओ वापरायचा असेल तर खड्ड्यातलं अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. कुठलंही विद्रावक निरुपद्रवी आहे असं गृहीत धरायचं नाही. तेल सोडून बाकी सगळं असलेला नियंत्रण खड्डा प्रत्येक प्लेटवर हवाच.

आणखी एक सापळा प्लॅस्टिकचा. नेहमीच्या पारदर्शक प्लेट पॉलिस्टायरीनच्या असतात. तीव्र तेल, विशेषतः टर्पिन जास्त असलेलं, त्या प्लॅस्टिकवर हल्ला करतं. खड्ड्याचा तळ धुरकट होतो आणि यंत्र त्यालाच बुरशीची वाढ समजतं. शुद्ध तेल आणि पहिली मिश्रणं काचेतच ठेवा. जास्त तीव्रतेच्या खड्ड्यांसाठी पॉलिप्रॉपिलीनची प्लेट घ्या, किंवा निदान बुरशीशिवायची तेलाची ओळ लावून तळ तपासा.

६. प्लेट लावणं

यीस्ट ताजी हवी. सॅबोरॉड अगरवर ३५ अंशांवर २४ तास वाढलेल्या, एक मिलिमीटरहून मोठ्या पाच वसाहती ५ मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळा. ५३० नॅनोमीटरवर मॅकफार्लंड ०.५ इतका गढूळपणा जुळवा. यात मिलिलिटरला साधारण १० ते ५० लाख पेशी असतात. आधी ५० पट, मग माध्यमात २० पट पातळ करा, म्हणजे १,००० ते ५,००० उरतात. खड्ड्यात तेलाच्या द्रावणाने निम्म्या होऊन ५०० ते २,५००. ही सीएलएसआयची रीत. युकास्टमध्ये पेशी याच्या शंभर पट असतात आणि माध्यमात ग्लुकोज २ टक्के असतं. दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण अर्धी ही अर्धी ती असं मिश्रण करू नका, आणि दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करताना त्याने कुठली वापरली ते आधी पाहा.

पेशी खरंच तेवढ्या आहेत का हे दर वेळी थोडं द्रावण अगरवर पसरून मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि आकडे विचित्र आले तर दोष कुठे शोधायचा ते यावरून कळतं.

मांडणी अशी करा. स्तंभ १ ते १०: तेल १ टक्क्यापासून निम्मं-निम्मं होत ०.००२ टक्क्यापर्यंत. स्तंभ ११: ट्वीन आणि यीस्ट, तेल नाही. स्तंभ १२: फक्त माध्यम. अ, ब, क या ओळी बुरशीसह. ड ओळीत तेच तेल पण बुरशीऐवजी साधं माध्यम, म्हणजे तेलाचा स्वतःचा दुधटपणा किती ते कळेल. औषधाची प्लेट वेगळी.

एका प्लेटवर एकच तेल. हा नियम मोडू नका. तेलाची वाफ शेजारच्या खड्ड्यात उतरते. गवती चहाच्या ओळीखाली खोबरेलाची ओळ लावली, तर खोबरेलाला न मिळवलेलं श्रेय मिळतं. वाफ किती पसरते ते पाहायचं असेल तर एक जादा प्लेट लावा: सर्वांत तीव्र तेलाच्या खड्ड्याभोवती फक्त बुरशीचे खड्डे. ते वाढले नाहीत, तर सील पुरेसं नाही. फिल्म नीट दाबून चिकटवा, प्लेट एकावर एक रचून ठेवू नका आणि तेलाच्या प्लेट असलेल्या इन्क्युबेटरमध्ये दुसऱ्या कुणाची कल्चर नकोत.

तापमान ३५ अंश, वेळ २४ तास.

७. वाचन

दुधट द्रावणात गढूळपणा पाहून निर्णय घेता येत नाही. प्लेट खालून पाहा. वाढलेली यीस्ट तळाशी पांढऱ्या बटणासारखी बसते, तेलाचा दुधटपणा सगळीकडे सारखा असतो. यंत्रावर मोजत असाल तर ड ओळीचा आकडा वजा करा.

रेझाझुरिन हा रंग मदतीला येतो: जिवंत पेशी त्याला निळ्याचा गुलाबी करतात. पण युजेनॉल, थायमॉल यांसारखे घटक स्वतःच क्षपणकारक असतात आणि पेशींशिवायही रंग बदलू शकतात. ड ओळीतही रंग टाकून पाहा. तिथे गुलाबी आलं तर त्या तेलासाठी रेझाझुरिन बाद.

ज्या सर्वांत कमी प्रमाणात वाढ दिसत नाही, ते एमआयसी. तेलांसाठी पूर्ण थांबणं हा निकष ठेवा. फ्लुकोनॅझोलसाठी मात्र नियंत्रणाच्या निम्मी वाढ हा निकष आहे, कारण थोडी वाढ रेंगाळत राहते. दोन्ही निकष तक्त्याखाली स्पष्ट लिहा.

एकके सांभाळा. टक्के, मिलिलिटरला मायक्रोलिटर आणि मिलिलिटरला मिलिग्रॅम यांचा घोळ सर्रास दिसतो. लवंगेच्या तेलाची घनता साधारण १.०५ आहे. म्हणजे १ टक्का म्हणजे मिलिलिटरला १० मायक्रोलिटर, आणि तेच साधारण १०.५ मिलिग्रॅम. औषधाशी तुलना वजनातच होते. एमआयसी ०.०६२५ टक्के आली तर ऐकायला फार कमी वाटतं, पण ती मिलिलिटरला साधारण ६५० मायक्रोग्रॅम होते. फ्लुकोनॅझोलला दाद देणाऱ्या अल्बिकन्सला सहसा १ मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी पुरतं. हे लपवू नका. तेल वाया गेलं असा याचा अर्थ होत नाही, पण त्याचा उपयोग वरून लावण्यापुरताच शोधावा लागेल हे वाचकाला कळलं पाहिजे.

८. मारलं की नुसतं थोपवलं

स्वच्छ दिसणाऱ्या खड्ड्यांतून ठरावीक द्रव ताज्या अगरवर पसरा आणि ४८ तासांनी वसाहती मोजा. सुरुवातीच्या पेशींपैकी ९९.९ टक्के मेल्या असतील, ते प्रमाण एमएफसी. द्रव उचलण्यापूर्वी खड्डा नीट ढवळा. पेशी तळाशी असतात, वरचं पाणी उचललं तर सगळं मेलं असं वाटतं.

९. घड्याळ लावून चाचणी

तोंडासाठी ही पायरी मला एमआयसीपेक्षाही महत्त्वाची वाटते, आणि हीच सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. एमआयसीत बुरशी २४ तास तेलात बुडालेली असते. तोंडात लाळ सतत वाहते, माणूस बोलतो, पाणी पितो. एक मिनिटानंतर तेलाचं प्रमाण झपाट्याने उतरतं.

एमआयसी, तिच्या दुप्पट आणि चौपट प्रमाणात बुरशी ठेवा आणि अर्धं मिनिट, १, ५, ३० मिनिटं, मग काही तासांनी नमुना घ्या. महत्त्वाचं म्हणजे नमुना घेताक्षणी तेलाचं काम थांबवायला हवं. नाहीतर नमुन्याबरोबर आलेलं तेल अगरवरही मारत राहतं आणि एका मिनिटाचा परिणाम प्रत्यक्षात दिवसभराचा असतो. यासाठी ट्वीन ८० आणि लेसिथिन असलेलं निष्क्रियक द्रावण वापरा, लगेच दहा-दहा पट पातळ करा, आणि ते द्रावण खरंच तेलाला थांबवतं आणि स्वतः बुरशीला मारत नाही हे आधी वेगळं सिद्ध करा.

जमलं तर हीच चाचणी कृत्रिम लाळ घालून पुन्हा करा. लाळेतली प्रथिनं आणि म्युसिन तेलाचा काही भाग धरून ठेवतात. साध्या माध्यमातला झगझगीत आकडा इथे बऱ्याचदा खाली येतो.

१०. बायोफिल्म

कवळीवर आणि जिभेवर कॅन्डिडा एकेकटी तरंगत नसते, थर करून राहते. त्या थरातली बुरशी औषधांनाही खूप कमी दाद देते. सपाट तळाच्या खड्ड्यात मिलिलिटरला १० लाख पेशींचं द्रावण घाला, ३७ अंशांवर ९० मिनिटं चिकटू द्या, हलक्या हाताने धुवा, ताजं माध्यम घालून २४ ते ४८ तास वाढू द्या. मग तेल. शेवटी एक्सटीटी (जिवंत पेशींमुळे रंग बदलणारं रसायन) आणि मेनाडिओन घालून ४९० नॅनोमीटरवर वाचन.

धुताना पिपेटचं टोक खड्ड्याच्या भिंतीला लावा, तळावर धार मारू नका. थर निघून गेला तर ते यश तेलाच्या नावावर चढतं. आणि रेझाझुरिनबद्दल जे सांगितलं ते एक्सटीटीलाही लागू आहे.

क्रिस्टल व्हायोलेट हा रंग थराची जाडी दाखवतो, त्यातल्या पेशी जिवंत आहेत का ते दाखवत नाही. दोन्ही केलेलं चांगलं. प्रश्न कवळीचा असेल तर प्लेटच्या प्लॅस्टिकऐवजी कवळीच्याच अॅक्रिलिकच्या छोट्या चकत्या घ्या, काचेच्या कुपीत ठेवा. पॉलिस्टायरीनची अडचणही त्यामुळे सुटते. त्याच चकत्यांवर तेलाने खडबडीतपणा किंवा रंग बदलतो का तेही पाहून घ्या, कारण खडबडीत कवळीवर बुरशी आणखी घट्ट बसते.

११. माणसाच्या पेशींवर चाचणी

हिरडीच्या फायब्रोब्लास्ट पेशी किंवा तोंडाच्या उपकला पेशी घ्या, बुरशीवर वापरलेलंच तेल, त्याच ट्वीनसह, तेवढ्याच वेळेसाठी लावा आणि एमटीटी या तशाच रंगबदलाच्या चाचणीने जिवंतपणा मोजा. आयएसओ १०९९३-५ नुसार जिवंतपणा ७० टक्क्यांच्या खाली गेला तर पदार्थ पेशींना घातक ठरण्याची शक्यता मानतात.

समजा, बुरशीला ०.०६ टक्के लागतं आणि त्याच वेळात ०.०३ टक्क्यालाच निम्म्या पेशी मरतात. मग ते तेल कितीही बुरशीमारक असलं तरी त्या रूपात तोंडात चालणार नाही. हे स्पष्टपणे लिहा. ताटलीतल्या पेशी ऊतीपेक्षा नाजूक असतात हे खरं आहे, पण त्याचा आधार घेऊन वाईट आकडा गाळायचा नाही. सिनॅमाल्डिहाइड आणि युजेनॉल यांची तोंडात अॅलर्जी होऊ शकते, आणि ही चाचणी ती दाखवत नाही. तीही एक ओळ लिहावी लागते.

१२. औषधाबरोबर जोडी

तेल एकटं उपचार ठरेल यापेक्षा ते निस्टॅटिन किंवा फ्लुकोनॅझोलचं प्रमाण कमी करायला मदत करेल, ही शक्यता मला जास्त तपासण्यासारखी वाटते. यासाठी चेकरबोर्ड: एका दिशेने तेल, दुसऱ्या दिशेने औषध. प्रत्येकाची जोडीतली एमआयसी त्याच्या एकट्याच्या एमआयसीने भागा आणि दोन्ही उत्तरं मिळवा. ०.५ किंवा कमी आलं तरच एकमेकांना पूरक म्हणायचं. ४ च्या वर गेलं तर परस्परविरोधी. मधल्या आकड्यांना परस्परक्रिया नाही एवढंच म्हणा. एमआयसी मुळातच एक पायरी इकडे-तिकडे होत असते, त्यामुळे ०.७५ ला 'अंशतः पूरक' म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही.

१३. नोंदी आणि आकडेमोड

एका दिवशी एकाच द्रावणातून भरलेले तीन खड्डे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्या वसाहतींपासून, नव्याने मिसळलेल्या तेलाने केलेले तीन हवेत. एमआयसी दुप्पट-निम्म्याच्या पट्टीवर असते, तेव्हा तिची साधी सरासरी काढू नका. भूमितीय सरासरी किंवा सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा द्या, आणि पल्ला द्या.

लेखात किंवा प्रबंधात एवढं तरी असू द्या: वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि कुठला भाग, बॅच, जीसी-एमएसचे मुख्य घटक टक्क्यांसह, स्ट्रेनचे क्रमांक, विद्रावक आणि त्याचं अंतिम प्रमाण, पेशींची संख्या, प्लेटचं प्लॅस्टिक, सील केलं की नाही, वाचनाचा निकष. ज्या तेलाने काम केलं नाही त्याचाही आकडा द्या, म्हणजे पुढच्याला ते पुन्हा तपासावं लागणार नाही. आणि हे सगळं झाल्यावरही रुग्णांवर वापर हा वेगळा टप्पा आहे. त्याला वेगळी मंजुरी, चाचणीची नोंदणी, ठरवलेलं सूत्र आणि दंतवैद्यांची देखरेख लागते. प्रयोगशाळेतल्या आकड्यावरून ओळखीच्या माणसाला द्रावण करून देऊ नका.

प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या न उघडता उणे २० अंशांवर ठेवून द्या, वर तारीख आणि जीसी-एमएसचा क्रमांक लिहा. लेख परीक्षकांकडून परत येतो तेव्हा एखादी चाचणी पुन्हा करायला सांगितलेली असते, आणि तेव्हा तेच तेल लागतं.